नमुनेदार गाळ

खाडीच्या काठावर जीप थांबली की तो आधी खिशातून रुमाल काढायचा. रुमालाला अत्तर लावलेलं असायचं. तो नाकावर घट्ट दाबून, खाडीकडे पाठ करून तो उभा राहायचा आणि रुमालाच्या आतूनच म्हणायचा, "वास येत नाही रे. वास आपण घेतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्यातला विनोद पार आटून गेला. मिलवाल्यांसमोर तो ते गुजरातीत म्हणायचा, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर हिंदीत, आणि आम्हा नोकरांसमोर मराठीत. तिन्ही भाषांत रुमाल मात्र नाकावरच असायचा.

त्याच्या हयातीत मी त्याला साहेब म्हटलं, अहो-जाहो केलं. आता अरे-तुरे करतो आहे. तेवढं तुम्ही मला करू द्या.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी अमळनेरहून बी.एस्सी. होऊन सुरतेला आलो होतो. गावाकडची सगळी पोरं लूमवर किंवा डाइंगमध्ये लागायची. मला केमिस्ट म्हणून टेबल-खुर्चीची नोकरी मिळाली, त्याचं घरी केवढं कौतुक झालं. पांडेसऱ्यात, एका कापडाच्या गोदामावरच्या मजल्यावर साहेबाची प्रयोगशाळा होती. रंगाई करणाऱ्या मिलच्या मागून एक खाडी वाहत होती. तिच्या पाण्याची आणि गाळाची तपासणी करून दाखला देणं हा आमचा धंदा. वाहत होती असं म्हणायचं. खरं तर भरतीला समुद्राचं पाणी उलटं वर चढायचं आणि ओहोटीला सगळं मिळून सावकाश खाली सरकायचं. मिलमध्ये त्या दिवशी जो रंग लागला असेल तो खाडीला चढायचा. सकाळी लाल, दुपारी मोरपिशी. पाणी निघून जातं, पण गाळ जात नाही. क्रोमियम म्हणा, शिसं म्हणा, जे जड आहे ते खाली बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून खाडीचं खरं काय ते गाळाला विचारावं लागतं.

साहेबाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तो गाळाला विचारायला पुलापाशी जायचा.

मिलच्या बऱ्याच वर, जिथे खाडी अजून ओढ्यासारखी होती, तिथे एक जुना पूल होता. दोन्ही बाजूंना बाभळी, तळाला वाळू. आमच्याकडे दोरीला बांधलेला लोखंडी जबडा होता. तळाशी टेकला की मिटायचा आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचा. पुलावरून तो सोडला की स्वच्छ पिवळसर माती वर यायची, एखाददुसरा शिंपला घेऊन. साहेब खूश. "वा! चालशे, चालशे."

एकदा मी हट्टाने जीप खाली, मिलच्या मागे न्यायला लावली. नवा होतो, अंगात रग होती. जबडा सोडला. वर आलं ते काळंजांभळं, तेलकट, उन्हात मोराच्या पिसासारखं चमकणारं. ते बाटलीत भरताना माझ्या हातमोज्याचा रंग बदलला.

"टाक परत," रुमालाआडून आवाज आला.

"साहेब, खरा नमुना तर हाच आहे."

तो खाडीकडे पाठ करूनच हसला. "खानदेश, नमुना नमुनेदार असावा लागतो."

तो मला नावाने हाक मारत नसे. मी खानदेश. शिपाई वऱ्हाडी बोलायचा, तर तो वऱ्हाड. ड्रायव्हर ओरिसा. तो स्वतः कुठला, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना खोटं बोलावं लागत नाही. ती फक्त पूल निवडतात. पुलाखालची माती खरंच स्वच्छ होती, आमची यंत्रं खरी होती, आकडे खरे होते. दाखल्यावर शेवटी 'मर्यादेत आहे' असं लिहून तो सही करायचा, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या सत्यवादी माणसाचं समाधान असायचं. सही मात्र सुंदर होती. शेवटच्या अक्षराला तो अशी वेलांटी द्यायचा, की जणू लग्नाच्या पत्रिकेवरचं गणपतीचं चित्र.

दिसायला देखणा होता. केस मागे वळवलेले, दाढी रोज तुळतुळीत. बोटावर डाग पडू नये म्हणून ऑफिसातला स्टॅम्पसुद्धा दुसऱ्याकडून मारून घ्यायचा. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायचा आणि प्रसादाचे पेढे स्वतः वाटायचा. पेढा देताना म्हणायचा, "आपण निसर्गाचे चौकीदार." आम्ही पेढा खायचो.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी त्याच्यासारखाच सोयीच्या जागचा नमुना दाखवल्यासारखं होईल. मला कावीळ झाली होती. खोलीवर चार पोरं राहायचो, सगळी कामावर गेलेली. दुपारी दारात साहेब. हातात मोसंब्यांची पिशवी. मोडक्या खाटेवर, बूट न काढता पण अंग चोरून बसला आणि मोसंबी सोलायला लागला. एकेक फोड वेगळी केली, वरचा पांढरा धागान् धागा काढला, बी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी सगळं खाल्लं. जाताना म्हणाला, "पगार कापणार नाही. पड तू." इतकं निगुतीने काम करणारे हात खाडीवर गेले की कुठे जायचे, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेला आणि मग शहर साफ करायची लाट आली. रस्ते धुतले, उकिरडे उचलले. त्या लाटेत आमच्या खाडीचा गाळ काढायचं ठरलं. एका ठेकेदाराला काम मिळालं. मशीन आलं, गाळ उपसला गेला, काठावर काळे डोंगर उभे राहिले. आता हे टाकायचं कुठे? लांब न्यायचं तर ट्रकचं भाडं. जवळच एक वस्ती होती, सखल जागेत. पावसाळ्यात तिथे घरात गुडघाभर पाणी शिरायचं. ठेकेदाराच्या डोक्यात आलं की वस्तीतच भराव टाकावा. त्याचा खर्च वाचणार, वस्तीची जमीन उंच होणार. फक्त गाळ भरावाला योग्य आहे असा दाखला हवा होता.

साहेबाने जीप काढायला सांगितली. मी म्हणालो, "साहेब, गाळ काठावर पडलाय. पुलावर कशाला जायचं?"

"खाडी एकच ना रे?" तो म्हणाला. "वर काय आणि खाली काय."

'मर्यादेत आहे.' खाली वेलांटी.

वस्तीत बहुतेक लोक आमच्याच बाजूचे, पारोळ्याकडचे. तिथल्या जिजाबाईला मी ओळखत होतो. नवरा डाइंगमध्ये, ती घरी बसून साड्यांचे धागे कापायची. दारात साड्यांचा ढीग आणि त्यात बसलेल्या तिच्या तीन मुली. भराव आला तेव्हा तिला कोण आनंद. स्वतः फावडं घेऊन अंगण सारखं केलं, चोपलं, वरून शेणाने सारवलं. रस्त्यात मला भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, औंदा पानी घरमा येवाव नही." यंदा पाणी घरात येणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

मी तिला म्हणालो की पोरींना त्या मातीत खेळू देऊ नकोस. ती हसली. अंगणात नाही तर पोरं खेळणार कुठे?

पावसाळा लागला. पाणी खरंच घरात आलं नाही. पण अंगण भिजलं, सारवण निघून गेलं आणि खालचं वर आलं. काही आठवड्यांनी जिजाबाई प्रयोगशाळेचा जिना चढून आली. धाकटी कडेवर होती. पोरीचे पाय कापडात गुंडाळलेले. तिने कापड सोडलं. टाचांपासून बोटांपर्यंत फोड, काही फुटलेले, कडा जांभळ्या.

"आख्खी गल्लीमा पोरेसना पायले फोड उनात, भाऊ," ती म्हणाली. "तुमीन माती तपासी ना? मंग हाई काय शे?"

मी तिच्याबरोबर गेलो. तिच्या अंगणातली माती घेतली, आणली, तपासली. जे निघालं ते साहेबाच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं. नीट वाचलं, डोळे ओळीओळीवरून फिरताना मी पाहिले. मग कागद उलटा ठेवून त्याच्यावर पेपरवेट ठेवला.

"हा नमुना तुला कुणी मागितला?"

"कुणी नाही."

"मग हा नमुना नाही. ही नुसती माती आहे."

पण वस्ती गप्प बसेना. बायका ठेकेदाराच्या ऑफिसवर जाऊन बसल्या. ठेकेदाराने साहेबाला निरोप पाठवला: दाखला तुमचा आहे, समजूत तुम्ही काढा. आणि मग ते नाटक झालं. मी ते जन्मात विसरणार नाही.

साहेब पांढरा सदरा घालून वस्तीत आला. लोक जमले. त्याने त्या दिवशी खिशातून रुमाल काढला नाही, याचीच मला भीती वाटली. जिजाबाईच्या अंगणाच्या मधोमध उभं राहून तो बोलायला लागला. माती म्हणजे आई. आईपासून लेकराला त्रास होतो का? पावसाळ्यात पायाला चिखल्या कुणाला होत नाहीत? तुमच्या गावाकडे होत नव्हत्या? आवाज गोड होता. लोक ऐकत होते. मग तो वाकला. ज्याने या धंद्यात इतकी वर्षं काढून कधी बोटाला चिखल लावला नव्हता, त्याने त्या काळ्या मातीची चिमूट उचलली, कपाळाला उभा टिळा लावला आणि हात जोडले.

"बघा," तो म्हणाला. "ही माती मी कपाळी लावतो."

बायांनी पदर सावरले. एका म्हाताऱ्याने खरंच नमस्कार केला. ठेकेदाराने टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याला ते कपाळ तिथल्या तिथे धुवायचं होतं, जीव जात होता त्याचा. पण लोक चहाचा आग्रह करत होते, कुणी मुलाला पाया पडायला आणत होतं. टिळा लावलेला माणूस लगेच निघू शकत नाही. बराच वेळ तो तसाच हसत बसला. ओला टिळा वाळून कपाळावर घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी तो टोपी घालून ऑफिसात आला. पावसाळ्यात, छपराखाली, टोपी. तिसऱ्या दिवशी टोपीखाली पट्टी. शिपायाला म्हणाला, डास चावला. शिपाई आत येऊन मला हळूच म्हणाला, "उभा डास होता काय जी?" आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. रंग काही केल्या जात नव्हता. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. भुवयांच्या मधून वर एक जांभळी रेघ आणि तिच्या कडेने फोड. देखण्या माणसाचं हे असं झालेलं पाहून मला आनंद झाला. मी लपवत नाही, झाला.

त्याच आठवड्यात जिजाबाई पुन्हा आली, आणखी दोघी बायांना घेऊन. पोरींचे फोड कमी होत नव्हते; तिला साहेबाकडून माती वाईट आहे असा नवा दाखला हवा होता. दार उघडंच होतं. साहेब आरशासमोर पट्टी बदलत होता. वळला आणि तिघींनी कपाळ पाहिलं.

मग एक बाई फिसकन हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना.

जिजाबाई हसली नाही. पुढे झाली. "कपायले काय व्हयनं, साहेब?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवीतून बाटली काढली. करंजाचं तेल, त्यात काहीबाही उकळलेलं. पोरींच्या पायाला लावायला ती बरोबर ठेवायची. "बसा," ती म्हणाली.

तो बसला. मला वाटलं होतं झिडकारेल. पण बसला. तिने बोटावर तेल घेतलं आणि एकेका फोडाच्या कडेने हलक्या हाताने लावलं, पोरीला लावते तसं. त्याने डोळे मिटले होते. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुळतुळीत गालावरून खाली ओघळलं. आग होत असेल म्हणून की आणखी कशाने, देव जाणे. त्या एका घटकेपुरता तो मला माणूस वाटला. मला वाटलं, आता हा लिहील.

तेल लावून झाल्यावर तिने बोट पदराला पुसलं. "आते तुमले समजनं ना," ती म्हणाली. "आते लिखा."

"हो," तो म्हणाला. "लिहितो, बाई. नक्की लिहितो."

त्याने लिहिलं. दोन दिवसांनी. कपाळाला तिचं तेल लावलेलं होतं, खोलीत करंजाचा वास भरला होता, आणि त्याने माझ्यासमोर कागद सरकवला. वाचून पाहा म्हणाला. सगळी भाषा नवीन, पण शेवटी तेच. मर्यादेत आहे. वेलांटीसकट.

मी कागद परत सरकवला. म्हणालो, "उद्यापासून येत नाही."

"खानदेश, तुला पोट नाही का रे?"

"आहे साहेब. वस्तीतल्या पोरींना पाय पण होते."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी निघालो.

वस्तीत जाऊन मी सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. जिजाबाईने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि आत जाऊन फावडं आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायांनी आपापली अंगणं खरवडायला सुरुवात केली. घमेली भरली, डोक्यावर घेतली आणि रांगेने आमच्या गोदामाच्या नाक्यावर निघाल्या. प्रयोगशाळेच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जिजाबाईने घमेलं ओतलं. मग दुसरीने, मग तिसरीने. डाइंगची पाळी सुटली तशी पुरुषही आले. मीही घमेली उचलली. दुपारपर्यंत जिना बुजला, ढीग रस्त्यावर आला, टेम्पो अडकले, भोंगे वाजायला लागले. आणि भिजल्या गाळाचा वास सगळ्या नाक्यावर पसरला. गोदामवाला खाली कपाळ धरून बसला. वर काचेआड साहेब उभा होता. हातात रुमाल होता. तो खाली येऊ शकत नव्हता, कारण त्याला त्यातूनच पाय टाकत यावं लागलं असतं.

रस्ता बंद झाला म्हणून तरी अधिकारी आले. त्यातला एक तरुण होता. त्याने त्या पायऱ्यांवरच, सगळ्यांच्या देखत, बाटलीत गाळ भरला. या खेपेला पूल निवडायला जागाच नव्हती. त्यानंतर ठेकेदाराला उरलेला भराव उचलावा लागला आणि अंगणात मुरूम टाकावा लागला. पोरांचे पाय दिवाळीनंतर भरून आले. जिजाबाईच्या धाकटीच्या टाचा मात्र कायमच्या जाड झाल्या. ती थोडी तिरकी चालते.

साहेबाचं काय झालं? काही झालं नाही. गोदामवाल्याने जागा खाली करून घेतली, एवढंच. त्याने इच्छापोरला नव्या नावाने प्रयोगशाळा थाटली, आणि ती चालली. कपाळावरची रेघ पुसट झाली, तिच्यावर तो रोज गंध लावायचा असं आमच्या शिपायाने, वऱ्हाडाने, मला सांगितलं. लोकांना तो धार्मिक वाटायला लागला.

दशक संपता संपता तो गेला. झोपेतच गेला. मी भेटायला त्याच्या घरी गेलो, ते का गेलो हे मला सांगता येत नाही. वहिनींना मी पूर्वी एकदोनदाच पाहिलं होतं. साधी बाई. रडून डोळे सुजलेले. मला बसवलं, पाणी दिलं, मी कुठे कामाला आहे ते विचारलं. मी उठायला लागलो तशी आत गेल्या आणि भाजीची पिशवी घेऊन आल्या. वांगी, वालपापडी, मेथी.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "घरात खाणारं कोण आहे आता? माझा भाऊ काल बारडोलीहून देऊन गेला. त्याला सवयच झालीय."

"कसली सवय?"

"ह्यांनी सुरतेची भाजी घरात कधी येऊ दिली नाही. मासळी तर नाहीच. दर रविवारी माझ्या माहेरी जाऊन आठवड्याची भाजी आणायचे. प्यायचं पाणीसुद्धा तिथल्या विहिरीचं, कॅन भरून. मुलं लहान होती तेव्हा त्यांना खाली अंगणातही खेळू द्यायचे नाहीत. सगळी सोसायटी हसायची." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "फार जपायचे हो माणसांना."

मी पिशवी घेतली. हो म्हणालो.